तांबडा संच, करडा संच

माणसाचं आयुष्य घडवणारं संगीत योग्य क्षणी त्याच्या कानावर आपोआप पडतं, असं मोठ्या माणसांच्या आठवणींत मी अनेकदा वाचलं आहे. माझ्या कानावर ते पडलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडत होती की त्या काडीवाल्याला जरा गप करा, कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात. तीन झाल्या की चार, यावर घरात एकमत झालं नाही आणि त्या दिवशी आम्ही डाळीची खळ झालेलं वरण खाल्लं. त्या संगीतानं माझं आयुष्य घडलं की नाही ते मला आज सत्तरीच्या उंबरठ्यावरही नीट सांगता येत नाही. वरण बिघडलं होतं, एवढं नक्की.

वडील येलदरी धरणाच्या पायथ्याशी वीजघरात ऑपरेटर होते. त्यांना घरात, कॉलनीत आणि बसच्या कंडक्टरपर्यंत सगळे अप्पाच म्हणत. ऑपरेटरचं काम म्हणजे तीन पाळ्यांपैकी एका पाळीत तबकड्यांच्या भिंतीसमोर उभं राहायचं आणि दर तासाला प्रत्येक तबकडीवरचा काटा पाहून आकडा वहीत लिहायचा. पाण्याची पातळी, यंत्राचं तापमान, दाब, आणि विजेची सायकल. ही सायकल म्हणजे वीज सेकंदाला किती हेलकावे घेते तो आकडा. पुस्तकात तो पन्नास असतो. घरी आमचा संसार दोन खोल्यांचा आणि एका व्हरांड्याचा. सकाळी आंघोळ झाली की अप्पा गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करत, कपाळाला विभूती लावत, आणि ड्यूटी नसेल तर त्याच ओल्या हातांनी रेकॉर्ड प्लेअरवरचं फडकं काढायला जात. मग आई म्हणायची, "हात पुसा आधी. शॉक बसला तर लोक म्हणतील, वीजघरातला माणूस गाण्यानं मेला."

तांबडा संच त्यांनी परभणीत आणला. त्या काळात दर वर्षी रशियन पुस्तकांचं प्रदर्शन भरायचं. जाड जाड पुस्तकं भाजीच्या भावात मिळायची आणि मराठवाड्यातला प्रत्येक शिकलेला माणूस तिथून एक तरी पुस्तक आणून न वाचता जपायचा. अप्पा गेले होते पाण्याच्या टर्बाइनवरचं पुस्तक आणायला. ते संपलं होतं. बसभाडं खर्च करून रिकाम्या हातानं परतायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून शेजारचं तांबडं खोकं उचललं. आत सात रेकॉर्डी होत्या आणि त्यांत एका जर्मन संगीतकाराच्या नऊच्या नऊ सिंफनी. सोबत चाळीस पानांची माहितीपुस्तिका होती, संपूर्ण रशियन. कॉलनीत कुणालाच रशियन येत नसल्यामुळे त्या पुस्तिकेबद्दल कधी मतभेद झाले नाहीत. मुखपृष्ठावर वाद्यवृंदापुढे काडी धरून उभ्या असलेल्या संचालकाचा फोटो होता. त्याच्या भुवयांवरून अप्पांनी अनुमान काढलं की माणूस शिस्तीचा असावा. तो संगीतकार पुढे बहिरा झाला आणि शेवटची सिंफनी त्यानं कानानं ऐकलीच नाही, हे अप्पांना कुठूनसं समजलं आणि त्यांनी ते आईला सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरात तो बहिरेबुवा झाला. आई त्याच्याबद्दल नात्यातल्या म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायची. "आज बहिरेबुवांचा आवाज लय चढलाय," किंवा "बुवा आज रडायलेत का काय?"

अप्पांनी या ऐकण्याची वही सुरू केली, कारण आकडा न लिहिता एखादी गोष्ट पाहणं त्यांना जमतच नसे. दर सिंफनीला एक पान. तारीख, वेळ, कितवा भाग किती मिनिटं किती सेकंद चालला, आणि शेवटी शेरा. शेरे मोठे वाचनीय असत. "दुसरा भाग – चांगला, पण घाई." "तिसरा – पाहुणे आले, ऐकला नाही." "नववी, तिसरा भाग – आज नीट." या 'नीट'च्या वर अप्पांच्या कोशात शब्द नव्हता. मी लग्न करायचं ठरवल्याचं सांगितलं तेव्हाही त्यांनी मुलाला भेटून 'नीट आहे' एवढंच म्हटलं होतं.

काझी सर आमच्या आयुष्यात खिडकीतून आले. ते परभणीला कृषी विद्यापीठात मातीचे प्राध्यापक होते. कालव्याकाठच्या जमिनी पाझरानं खारवतात, तिथले नमुने घ्यायला आले होते. दुपारी पाणी मागायला म्हणून आमच्या दाराशी आले ते तिथंच थांबले. सिंफनीचा तो भाग संपेपर्यंत खिडकीखाली उन्हात, हातात मातीच्या पिशव्या घेऊन उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, "पाचवी ना?" अप्पा म्हणाले, "सहावी." सर म्हणाले, "हौ, सहावी. पण हा माणूस लय पळतोय." अप्पांनी त्यांना पाणी दिलं, आणि मग बसायला सांगितलं. मैत्रीची सुरुवातच मतभेदानं झाली, त्यामुळे पुढे दोघांनाही वळण बदलावं लागलं नाही.

सरांकडेही एक पूर्ण संच होता. विद्यापीठानं त्यांना वर्षभर जर्मनीला पाठवलं होतं. येताना सहकाऱ्यांनी घड्याळं आणि कॅमेरे आणले आणि सरांनी करड्या खोक्यातल्या नऊ सिंफनी. वाद्यवृंद वेगळा, संचालक वेगळा, बुवा तेच. एकच चीज दोन घराण्यांच्या गवयांकडून ऐकावी, तसा हा खेळ. परभणी जिल्ह्यात त्या वेळी असे दोनच संच असावेत असं मला वाटतं. तिसरा कुणी असलाच तर त्यानं लपवून ठेवला होता. पुढे दोघांकडे आणखी संच आले, अप्पांचे पाच झाले, सरांचे सहा. पण भांडण कायम पहिल्या दोन संचांवरूनच.

महिन्यातून एक रविवार ठरलेला असायचा. एका महिन्यात सर येलदरीला येत, पुढच्या महिन्यात आम्ही परभणीला जात असू. पाहुण्यानं आपला संच घेऊन यायचा. बसमध्ये तो मांडीवर, तान्ह्या लेकरासारखा. आणि जिथं जायचं तिथं पाहुण्याचाच संच वाजायचा. यजमानानं आपला संच काढायचा नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं. पाहुण्यानं आणलेला खाऊ बाजूला सारून आपलाच डबा पुढे करावा, तसं ते दिसलं असतं. चारची बस पकडायची असल्यामुळे दोन्ही संच पाठोपाठ लावायला वेळही नसे. त्यामुळे आठ वर्षांत एकदाही एका दिवशी, एका जागी ते दोन संच शेजारी शेजारी वाजले नाहीत. अप्पा आपला तांबडा संच ऐकत संध्याकाळी, ड्यूटीवरून आल्यावर. सर आपला करडा संच ऐकत संध्याकाळी, विद्यापीठातून आल्यावर. दुसऱ्याचा संच दोघंही ऐकत रविवारी दुपारी. रविवारी मोजायचं काम यजमानाचं; पाहुणा आपल्या संचाकडे नाही, यजमानाच्या चेहऱ्याकडे बघत बसायचा. हे मी इथं मुद्दाम सावकाश लिहिते आहे. आम्हाला ते समजायला आठ वर्षं लागली.

सर आले की आई धपाटे करायची. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन, तीळ, लसूण-मिरचीचा ठेचा. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचे, वर दही आणि शेंगदाण्याची चटणी. सर पाच खायचे आणि सहाव्याला "नको भाभी" म्हणून हात आडवा धरायचे, पण बोटं फाकवून. आम्ही परभणीला गेलो की चाची, म्हणजे सरांच्या पत्नी, आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात खड्या मसाल्याचा बगारा भात आणि चिंचेच्या कोळाचा आंबट खट्टा करायच्या. आम्ही शाकाहारी म्हणून त्यांनी आमच्यासाठी एक पातेलं, एक पळी आणि चार ताटं निराळी ठेवली होती. आईनं कधी तसं सांगितलं नव्हतं. आईला ते पहिल्यांदा समजलं तेव्हा ती परतीच्या बसमध्ये जिंतूर येईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई लय शहाणी हाय. नवऱ्याचं तसं काही दिसंना."

आमच्या या नादाची कीर्ती एकदा कॉलनीच्या गणपतीपर्यंत गेली. मंडळानं 'पाश्चात्य संगीताची मेजवानी' असा फळा लावला. अप्पांनी प्लेअर मांडवात नेला, सर करडा संच घेऊन आले, प्लेअरला हार घातला गेला. अध्यक्ष म्हणून बोलावलेले सद्गृहस्थ 'संगीताला भाषा नसते' या विषयावर पन्नास मिनिटं भाषेत बोलले. त्यानंतर आरतीची वेळ झाल्यामुळे नवव्या सिंफनीची चार मिनिटं वाजवण्यात आली. टाळ्या भरपूर पडल्या. सरांनी अप्पांच्या कानात विचारलं, "अप्पा, ह्या भाषणाची वेळ वहीत लिवली का?" अप्पांनी खरोखरच लिहिली होती.

भांडण नेहमी एकाच गोष्टीवर यायचं. अप्पांच्या मते त्यांचा तांबडा संच गंभीर, ठाय लयीतला, आणि सरांचा करडा उतावळा. सरांच्या मते त्यांचा करडा म्हणजे खरी तपश्चर्या, आणि अप्पांचा तांबडा टांग्याच्या घोड्यासारखा. दोघांकडे वह्या होत्या. अप्पांच्या वहीत नववी सिंफनी तांबड्या संचात चार मिनिटं जास्त चालायची. सरांच्या वहीत करड्या संचात चार मिनिटं जास्त. सुरुवातीला याची गंमत वाटायची. सर म्हणायचे, "अप्पा, घड्याळाला किल्ली देत जा." अप्पा म्हणायचे, "सर, मातीत घड्याळ पुरून ठेवलं होतं का?" पण गंमत आठ वर्षं केली की ती गंमत राहत नाही.

मी बारावीत असताना, उन्हाळ्यातल्या एका रविवारी, करडी नववी आमच्या घरी वाजत होती. तिसरा भाग सुरू झाला. हा संथ भाग, सगळ्या नऊ सिंफनींत दोघांचा सगळ्यात लाडका. अप्पा स्टॉपवॉच हातात धरून डोळे मिटून बसले होते. तो संपला तेव्हा त्यांनी आकडा लिहिला आणि म्हणाले, "सर, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या ह्या माणसाला बस गाठायची हाय."

सर म्हणाले, "हाच माणूस माझ्या घरी अर्धा तास जागचा हलत न्हाई."

"मग तुमच्या घरी येगळा येत असंल."

"अप्पा, मी स्वतः मोजलंय."

"मी बी आत्ता मोजलंय. तुमच्या समोर."

सरांनी वहीतला आकडा वाकून पाहिला. मग, मला वाटतं विनोदच करायचा म्हणून, म्हणाले, "तुमच्या तांबड्याचं म्हणतो मी. त्याचं रीडिंग तुमी बसून भरलेलं दिसतंय."

वीजघराच्या माणसाला याहून वाईट शिवी नाही. 'बसून रीडिंग भरणं' म्हणजे जागचं न उठता, काटा न पाहता, अंदाजानं आकडा लिहिणं. सरांना हा शब्द अप्पांनीच शिकवला होता, हसत हसत, धपाटे खाताना. अप्पा उठले. त्यांनी रेकॉर्ड उचलली, कडेनं धरून पुसली, कागदी पाकिटात घातली, पाकीट खोक्यात, खोकं सरांच्या पुढे. आणि म्हणाले, "सर, चारची बस हाय." तेव्हा पावणेतीन वाजले होते. आईनं चाचींसाठी फडक्यात बांधलेले धपाटे ओट्यावरच राहिले. सर फाटकापाशी जाऊन एकदा थांबले, वळले नाहीत, आणि गेले.

त्यानंतरच्या महिन्यात रविवार आला आणि तसाच गेला. पुढच्या महिन्यातही. अप्पा संध्याकाळी तांबडा संच लावायचे पण वही उघडायची नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसलं. कधी कधी पहिली बाजू संपून सुई आतल्या कडेला खरखरत राहायची आणि ते उठायचेच नाहीत. मीच जाऊन उचलायची. वीजघरात त्यांचे मित्र नव्हते असं नाही, पण ते पत्ते खेळणारे मित्र होते. ज्याच्याशी भांडता येईल असा मित्र एकच होता. एकदा जेवताना आई म्हणाली, "जाऊन या की परभणीला."

"माझ्या अक्षराला खोटं म्हणला तो माणूस."

"अन् तुमी त्याच्या कानाला."

"मी मोजलं होतं."

"त्यांनी बी मोजलंच असंल. दोघं बी खरं बोलायलेत, म्हणून तर भांडण मिटंना. एक जण लबाड असता तर कवाच मिटलं असतं."

हे वाक्य तिनं भाकरी उलटता उलटता म्हटलं आणि आम्ही कुणीच त्याकडे लक्ष दिलं नाही. पुढे मी पदार्थविज्ञान शिकले आणि तीस वर्षं शिकवलंही. एखादा प्रश्न इतका नीट मांडलेला मी फार वेळा ऐकला नाही.

जूनमध्ये मी बी.एस्सी.ला परभणीला आले, होस्टेलवर राहायला. आई दर महिन्याला माझ्याबरोबर चाचींसाठी येसराचा डबा द्यायची. येसर म्हणजे भाजून दळलेल्या धान्यांचा आणि मसाल्याचा कोरडा ऐवज, आमटीसाठी. चाची तो डबा रिकामा परत करायच्या नाहीत. नवरे बोलत नव्हते, डबा जात-येत होता. त्याबद्दल पुरुषांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नाही.

त्या हिवाळ्यात प्रयोगशाळेत आम्हाला एक प्रयोग होता. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारेतून वीज सोडायची, लोहचुंबक धरायचं, तार सगळ्यात जास्त थरथरेल अशी लांबी शोधायची आणि त्यावरून विजेची सायकल काढायची. मी तीनदा केला. तिन्ही वेळा उत्तर अठ्ठेचाळीसच्या थोडं वर. शिकवणाऱ्या सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "पन्नास यायला पाहिजे."

मी म्हटलं, "सर, येत नाहीये."

"मग आणायचं. परीक्षेत पन्नासलाच मार्क आहेत."

मी ऑपरेटरची मुलगी. मी अठ्ठेचाळीसच ठेवलं. त्यांनी लाल शाईनं 'पुन्हा करा' लिहिलं, आणि ती वही काखोटीला मारून, मनात चरफडत, मी येसराचा डबा द्यायला काझी सरांच्या घरी गेले. होस्टेलला सातच्या आत परतायचं असे, म्हणून एरवी मी रविवारीच जात असे. त्या दिवशी पहिल्यांदाच संध्याकाळी गेले. दार उघडं होतं. बाहेरच्या खोलीत सर एकटेच बसले होते आणि नववीचा तिसरा भाग चालू होता. अगदी सावकाश. अप्पांच्या भाषेत, नीट. मी चपला काढता काढता थबकले. मला वाटलं, अप्पा येऊन गेले. भांडण मिटलं. आनंदानं मी विचारलं, "सर, तांबडा संच का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तांबडा माझ्या घरी आता कसा येईल, बेटा?"

खोक्यावर नजर गेली. करडं होतं. हाच करडा संच मी आठ वर्षं आमच्या घरी ऐकला होता आणि तो कधीही असा वाजला नव्हता. सूरही किंचित खाली होता. मी प्लेअरकडे पाहिलं, वायरीवरून नजर भिंतीतल्या प्लगपर्यंत गेली, आणि काखेतल्या वहीतला अठ्ठेचाळीस आकडा मला आठवला. चाचींनी पुढे सांगितलं की मी डबा न देताच, डबा हातात धरून पाच मिनिटं उभी होते आणि त्यांना वाटलं पोरीला ताप आहे.

शनिवारी मी येलदरीला गेले. अप्पा व्हरांड्यात बसून आईच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं रेकॉर्डी पुसत होते. मी त्यांच्यासमोर बसले.

"अप्पा, संध्याकाळी सातला सायकल किती असते?"

"कुठली?"

"विजेची."

"अठ्ठेचाळीस. लोड लय असला तर खाली बी जाते. का?"

"आणि रविवारी दुपारी?"

"रविवारी कारखाने बंद, कचेऱ्या बंद. पन्नास. कवा एक्कावन्न." ते बोलले, आणि त्यांचा पुसणारा हात थांबला.

पुढचं मला बोलावं लागलं नाही. प्लेअरची मोटर विजेच्या हेलकाव्यांवर फिरते, आणि येलदरी काय, परभणी काय, तारांचं जाळं एकच, त्यामुळे सायकलही एकच. वीज मंदावली की तबकडी मंदावते, गाणं लांबतं, सूर उतरतो. संध्याकाळी प्रत्येकाचा संच गंभीर होता आणि रविवारी दुपारी प्रत्येकाचा उतावळा. अप्पा उठून आत गेले आणि भिंतीतल्या प्लगकडे पाहत राहिले, रोजचा ओळखीचा माणूस परक्या गावात अचानक भेटावा तसे. वीस वर्षं ते दर तासाला हाच आकडा आपल्या हातानं लिहीत होते. पण देवळात जाताना चपला बाहेर काढाव्यात तसा तो आकडा ते वीजघरातच ठेवून घरी येत. बुवांच्या खोलीत त्याला प्रवेश नव्हता.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बुवा नीटच ऐकवायलेत. बहिरे तुमीच."

अप्पा दोन दिवस रेकॉर्ड न लावता ड्यूटीवर जात-येत राहिले. मला भीती वाटत होती ती वह्यांची. आठ वर्षांचं काम मी एका प्रश्नात बाद केलं होतं, आणि त्या वह्यांखेरीज त्यांनी स्वतःसाठी म्हणून दुसरं काही केलेलं मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते मला बसपर्यंत सोडायला आले. धरणाच्या भिंतीवरून चालताना म्हणाले, "वही चुकली. पण काझी खोटं न्हाई बोलला." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "मी बी न्हाई." आणि मग एकदम कामाचा आवाज काढून, "जुने लॉग काढतो मी, वीजघरातल्या वह्या. तासातासाचा आकडा हाय. सगळं दुरुस्त करता येतंय."

त्यांनी रीतसर अर्ज करून जुने गठ्ठे पाहायची परवानगी मिळवली. अर्जात कारण काय लिहिलं होतं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. ज्या ज्या दिवशी घरी रेकॉर्ड लागली होती त्या दिवसाचा, त्या तासाचा आकडा त्यांनी उतरवून घेतला. ते घरी ऐकत बसलेले असताना पाळीवर दुसरा कुणी तरी असायचा, त्यामुळे अक्षरं वेगवेगळी. एका सहकाऱ्याचा आठ आणि नऊ अगदी सारखा होता. अप्पा त्याच्या क्वार्टरवर जाऊन सहा वर्षांपूर्वीचा आकडा दाखवून विचारायचे, हा आठ का नऊ, आणि तो चहा पिता पिता ठामपणे उत्तर द्यायचा.

मग एका बुधवारी, ड्यूटी बदलून घेऊन, ते परभणीला आले. होस्टेलवर रात्रीची परवानगी काढून मला बरोबर घेतलं. हातात संच नव्हता, फक्त कापडी पिशवी. संध्याकाळी साडेसहाला आम्ही सरांच्या दारात उभे होतो. सरांनी दार उघडलं, अप्पांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे.

"संच कुठाय, अप्पा?"

"आज तुमचा ऐकू म्हणलं. संध्याकाळचा."

सरांनी करडं खोकं काढलं. नववी लावली, तिसऱ्या भागापासून. अप्पा खुर्चीत बसले, डोळे मिटले. स्टॉपवॉच त्यांनी खिशातून काढलंच नाही. स्वयंपाकघरात चाचींनी पळी हलवायची थांबवली होती, कारण आवाज थांबलेला मला जाणवला. तो भाग संपला. अप्पांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "नीट हाय."

"मी आठ वर्षं तेच सांगायलोय."

"हौ. अन् मी बी."

त्यांनी पिशवीतून कागद काढून पुढे ठेवले. सरांनी चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, प्लगकडे पाहिलं, पुन्हा पानाकडे. हळूहळू त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतायत. ते हसतही होते. चष्मा काढून बाजूला ठेवत त्यांनी विचारलं, "अप्पा, हे सगळं तुमी उभं राहून उतरवलं?"

"बसून," अप्पा म्हणाले. "उभं राहून लॉग वाचता येत न्हाई. पाठ दुखते."

सर आत गेले आणि आपली वही घेऊन आले. ती त्यांनी अप्पांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, माझी तुम्ही दुरुस्त करा, तुमची मी करतो. अप्पांनी आपली वही दिली. त्या रात्री आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. चाचींनी निराळं पातेलं फळीवरून काढलं तेव्हा ते घासलेलं, चकचकीत होतं. इतके महिने वापर नसताना.

माझ्या फोनमध्ये आता याच नऊ सिंफनींचे चाळीसहून जास्त पूर्ण संच आहेत. नातीनं घालून दिले. प्रत्येकाच्या खाली मिनिटं आणि सेकंद छापलेले येतात, आणि विजेला जगात कुठं काय झालं तरी ते बदलत नाहीत. मी तीन ऐकले. ऐकताना शेजारी कुणी चुकीचं बोलत नसल्यामुळे पुढे गेले नाही. तिसऱ्या भागाला मात्र अजून माझा कान तो आमच्या संध्याकाळचा सूर शोधतो, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या फटीत कुठे तरी अडकलेला, जो जगातल्या कुठल्याच वाद्यवृंदानं कधी वाजवला नाही.

दुरुस्तीला पाच रविवार लागले. एक रविवार इकडे, एक तिकडे, आणि संच आता दोन्हीही बरोबर. सरांच्या तारखांचे आकडेही अप्पा वीजघरातून उतरवून आणायचे आणि लॉगटेबल घेऊन गुणाकार-भागाकार मी करायची. सर अप्पांच्या वहीत हिरव्या शाईनं लिहायचे, अप्पा सरांच्या वहीत निळ्या. कुणाच्याही आकड्यावर कुणी शंका घेतली नाही. शंका आलीच तर ती माझ्या गणितावर. दोन्ही घरी धपाटे आणि बगारा भात यांचं पूर्वीसारखंच चाललं. सहाव्या धपाट्याला सर आता हातही आडवा धरत नसत. शेवटच्या रविवारी सगळ्या बेरजा झाल्या. आठ वर्षांच्या दोन्ही वह्या अखेर एकमेकींशी जुळल्या. दोन्ही संचालक जवळजवळ एकाच लयीत वाजवत होते. नवव्या सिंफनीत, सगळ्या दुरुस्त्या धरून, तांबडा संच करड्यापेक्षा एकोणीस सेकंदांनी सावकाश निघाला.

अप्पा म्हणाले, मी म्हणत होतो. सर म्हणाले, एकोणीस सेकंद म्हणजे काही नाही, त्याला सावकाश म्हणत नाहीत. अप्पा म्हणाले, मग काय म्हणतात? ते एकोणीस सेकंद त्या दोघांना पुढे अकरा वर्षं पुरले.